कोणती मुंबई, कोणत्या रात्रीची?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली निघाली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिल्या दोन नावांचे कोणाला नवल वाटले नाही. कोकणातली कुलूपबंद घरे सगळ्यांनी पाहिलेली आहेत. तिसऱ्या नावाने मात्र बरेच जण बुचकळ्यात पडले. मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट. तिथे २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसे होती, २०११ साली ३० लाख ८५ हजार राहिली. साडेसात टक्क्यांची घट. त्याच दहा वर्षांत शेजारच्या ठाणे जिल्ह्यात २९ लाखांची भर पडली आणि १ कोटी १० लाखांचा तो जिल्हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

शंभर-सव्वाशे वर्षे रत्नागिरीचा माणूस परळ-लालबागला येत राहिला. गिरणीत लागला, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली, खाणावळीत जेवला, मनीऑर्डर धाडली. त्या वाटेची दोन्ही टोके आता एकाच वेळी रिकामी होऊ लागली असतील, तर माणसे गेली कुठे? दिव्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, हे उत्तर संध्याकाळच्या लोकलमध्ये उभा असलेला कोणीही देईल. मात्र तेच उत्तर आकड्यांनी मांडायला बसले की एकेक पायरी निसटू लागते. मोजायचे कोणाला, कुठे आणि कधी, यातले काहीच आपण गृहीत धरतो तितके स्थिर नसते. पुढच्या पानांत तक्ते येतील, आलेख येतील. त्याआधी हे आकडे कसे तयार होतात आणि कुठे फसवतात, याची ओळख करून द्यावी म्हणून ही प्रस्तावना.

‘मुंबईची लोकसंख्या किती?’ या प्रश्नाला २०११च्या जनगणनेच्या आधाराने निदान चार उत्तरे देता येतात. शहर जिल्ह्याचे उत्तर वर आलेच. महापालिकेच्या हद्दीपुरती, म्हणजे बृहन्मुंबईची, लोकसंख्या १ कोटी २४ लाख. जनगणना खाते ज्याला बृहन्मुंबई नागरी समूह म्हणते त्याची १ कोटी ८४ लाख. आणि नियोजनकारांच्या मुंबई महानगर प्रदेशाची सुमारे २ कोटी २८ लाख. चारही आकडे बरोबर आहेत. वर्तमानपत्रे सोयीनुसार त्यातला एक उचलतात, दहा वर्षांनी दुसरा उचलतात आणि दोहोंची वजाबाकी करून मथळा देतात.

यातल्या नागरी समूहाच्या आकड्याविषयी माझी तक्रार आहे. एका मोठ्या शहराला लागून सलग वसलेली शहरे एकत्र धरायची, ही त्यामागची कल्पना. त्यानुसार बृहन्मुंबईबरोबर मीरा-भाईंदर, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर आत आले. सव्वाबारा लाखांचे वसई-विरार बाहेर राहिले. सात लाखांची भिवंडीही बाहेर राहिली. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडी आहे, जमिनीची सलगता तिथे तुटते, हे नकाशावर खरे. पण विरारहून सुटणाऱ्या गाडीला त्या खाडीवरून जायला दोन-चार मिनिटे लागतात आणि त्या गाडीत बसलेल्यांचे पोट मुंबईवरच चालते. गिरगाव-दादरमधून बाहेर पडलेली कितीतरी मराठी कुटुंबे ज्या वसई-विरार पट्ट्यात गेली, तोच पट्टा गाळून ‘महामुंबईची वाढ मंदावली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या खिशात पैसे गेले तो सोडून बाकीचे खिसे चाचपणे.

महानगर प्रदेशाची हद्द या बाबतीत उदार आहे, पण तिचा जन्म वेगळ्या कारणासाठी झाला. २६ जानेवारी १९७५ला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले; रस्ते, पाणी, जमीनवापर यांचे नियोजन कुठवर करायचे यासाठी ही रेषा आखली गेली. २०११च्या सुमारास तिच्या आत ४,३५५ चौरस किलोमीटर प्रदेश होता. पुढे पालघर आणि रायगडकडे हद्द वाढवून तो सहा हजारांच्या पुढे नेला गेला. तिच्या आत भातशेती आहे, मिठागरे आहेत, आदिवासी पाडे आहेत, बिबट्यांचे जंगलसुद्धा आहे. म्हणून या प्रदेशाची घनता काढून ती मुंबईच्या घनतेशेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. माणसांच्या हालचालीचा हिशेब मात्र याच रेषेच्या आत बऱ्यापैकी जुळतो. या पुस्तकात मुख्यतः तीच वापरली आहे.

रेषा निवडली म्हणून काम संपत नाही, कारण रेषाही हलते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २००१मध्ये ११ लाख ९३ हजार होती, २०११मध्ये १२ लाख ४७ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत साडेचार टक्के वाढ. ज्याने त्या दशकात डोंबिवली स्टेशनाच्या पुलावर पाऊल ठेवले असेल त्याला हे पटणार नाही, आणि न पटणेच योग्य आहे. २००२ साली २७ गावे त्या महापालिकेतून वगळली गेली. २००१च्या आकड्यात ती होती, २०११च्या आकड्यात नव्हती. गावे तिथेच होती, त्यांच्यात टोलेजंग इमारती उभ्या राहत होत्या, पण महापालिकेच्या रकान्यातून ती गेली. २०१५ साली ती परत आली. पुढच्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीने मोठी उडी घेतलेली दिसेल तेव्हा त्या उडीत या फेरफाराचाही वाटा असेल.

मुंबईच्या स्वतःच्या इतिहासात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९५० साली महापालिकेची हद्द बेटाबाहेर नेली गेली, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५१च्या जनगणनेच्या वेळी असलेल्या हद्दीत २८ लाख ३९ हजार लोक होते. नंतरच्या वाढलेल्या हद्दीत तेच वर्ष मोजले तर २९ लाख ९४ हजार. माणसे तीच, दिवस तोच, फरक दीड लाखांचा. जनगणना खाते नव्या हद्दीनुसार जुने आकडे पुन्हा बसवून देते आणि तसे देताना तळटीप टाकते. जनगणनेच्या प्रकाशनांतला सर्वांत वाचनीय भाग म्हणजे या तळटिपा, असे माझे मत आहे. दुर्दैवाने आकडे उतरवून घेणारा पहिली कात्री त्यांनाच लावतो.

आता काळाकडे वळू. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६४ साली, मुंबईची पहिली रीतसर शिरगणती झाली आणि ८ लाख १६ हजार ५६२ माणसे निघाली. १८७२ साली पुन्हा मोजले तर ६ लाख ४४ हजार ४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी. यात गूढ काही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागला, शहरात पैशाचा आणि माणसांचा पूर आला. नेमक्या त्या पुरात पहिली मोजणी झाली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या आणि आलेली माणसे परतली. १८६४चा आकडा खोटा नव्हता, पण तो उधाणाच्या भरतीचा होता.

पुढे १८९१मध्ये ८ लाख २१ हजार आणि १९०१मध्ये ७ लाख ७६ हजार. या वेळी कारण प्लेग. १८९६ साली मांडवीत तो सुरू झाला. हजारो मेले आणि त्याहून कितीतरी जास्त गावाकडे पळाले. १ मार्च १९०१च्या रात्री जी गणना झाली ती अर्धवट रिकाम्या शहराची होती. महापालिकेलाही तो आकडा आपल्या शहराचा वाटला नसावा, कारण पाच वर्षांनी, १९०६ साली, खास वेगळी गणना झाली. तिच्यात ९ लाख ७७ हजार ८२२ भरले. पाच वर्षांत दोन लाख! आणि १९११ साली, नेहमीच्या दशवार्षिक गणनेत, ९ लाख ७९ हजार. म्हणजे १९०१ ते १९११ या दशकाची जी वाढ आपण पाठ्यपुस्तकात सरळ रेषेने काढतो ती जवळजवळ सगळी पहिल्या पाच वर्षांतच उरकली होती. ती वाढ तरी कसली, पळालेले परत आले आणि त्यांच्या मागून आणखी काही आले. दहा वर्षांनी एकदा मोजणाऱ्या पद्धतीला प्लेग दिसतो तो असा : एक खड्डा आणि एक उंचवटा. पळणारी माणसे दिसत नाहीत. २०२०च्या उन्हाळ्यात करोनामुळे श्रमिक गाड्यांनी आणि पायी जे लोक या प्रदेशातून गेले ते तर खड्डा म्हणूनही दिसणार नाहीत, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही.

१९३१पर्यंत गणना एका रात्रीत व्हायची. त्या रात्री जो जिथे सापडेल तो तिथला. १९३१ साली तर सविनय कायदेभंगाच्या वातावरणात काँग्रेसने गणनेवर बहिष्काराची हाक दिली होती, शिवाय जागतिक मंदी होती. मुंबईचा आकडा १९२१च्या ११ लाख ७६ हजारांवरून ११ लाख ६१ हजारांवर उतरला. त्यातली खरी घट किती आणि दार न उघडणारे किती, हे आज वेगळे काढता येत नाही. आता पद्धत निराळी आहे. २०११मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी प्रगणक घरोघर फिरले, २८च्या रात्री बेघरांना मोजले, १ ते ५ मार्च फेरतपासणी केली आणि १ मार्चचा ००.०० वाजताचा क्षण संदर्भ म्हणून धरला. माणूस त्या तीन आठवड्यांत आपल्या नेहमीच्या राहत्या जागी थोडा काळ जरी असेल तर तिथला; पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे असेल तिथला.

नियम स्वच्छ आहे. पण फेब्रुवारी महिना या प्रदेशात तटस्थ नसतो. दिवाळीनंतर रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती मे-जूनपर्यंत परतत नाहीत. फेब्रुवारीत त्यांचे पाडे ओस असतात आणि त्यांचा हिशेब भट्टीच्या गावात लागतो, प्रगणक भट्टीपर्यंत गेला असेल तर. हीच मोजणी ऑगस्टमध्ये केली तर पाड्याची लोकसंख्या वाढेल. गणपतीच्या आठवड्यात केली तर कोकण फुगेल आणि लालबागचे काय होईल ते सांगता येत नाही, कारण जितके चाकरमानी जातात तितकेच लोक राजाच्या दर्शनाला येतात. हे थट्टेने लिहिले, पण मुद्दा थट्टेचा नाही. या प्रदेशातला मोठा वर्ग दोन ठिकाणी राहतो, दोन्ही ठिकाणांना आपले म्हणतो आणि शिधापत्रिका, मतदार यादी, जनगणना या तिन्हींत त्याचे गाव वेगवेगळे असू शकते.

त्यातच दिवस आणि रात्र यांचा फरक. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने करोनापूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. फोर्ट-नरिमन पॉइंटची रात्रीची वस्ती आणि दुपारची वस्ती यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. जनगणना फक्त रात्रीची वस्ती सांगते. मुख्य जलवाहिनी, सार्वजनिक शौचालये, अग्निशमन, फूटपाथची रुंदी यांना दुपारचीही वस्ती लागते. बेटावरची माणसे घटली म्हणून बेटावरचा भार हलका झाला, असे कोणी म्हणाले तर त्याला सकाळी साडेनऊला सीएसएमटीच्या फलाटावर उभे करावे.

बदल मोजण्याची दुसरी वाट सरळ गणिताची आहे. मागच्या गणनेचा आकडा घ्या, दहा वर्षांतले जन्म मिळवा, मृत्यू वजा करा. जे उरते आणि जे प्रत्यक्ष सापडते त्यांतला फरक म्हणजे आलेल्या-गेलेल्यांचा निव्वळ हिशेब. बृहन्मुंबईची लोकसंख्या २००१ ते २०११मध्ये ४ लाख ६४ हजारांनी, म्हणजे ३.८७ टक्के वाढली. त्या काळात शहरात नोंदलेले जन्म नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा इतके जास्त होते की केवळ त्यातूनच याहून अधिक वाढ व्हायला हवी होती. याचा अर्थ, ज्या शहरात ‘रोज शेकडो कुटुंबे येतात’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, त्या शहरातून त्या दशकात येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते. माझ्या मते मुंबईविषयीच्या सार्वजनिक चर्चेत सर्वांत कमी पचलेली वस्तुस्थिती हीच आहे. परप्रांतीयांवरच्या भाषणांना ती सोयीची नाही आणि नव्या टॉवरच्या जाहिरातींनाही नाही.

तरीही या गणितावर डोळे झाकून विसंबू नये. आपल्याकडे जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथे होते, आई जिथे राहते तिथे नाही. केईएम, शीव, वाडिया या रुग्णालयांत ठाणे-पालघरच्या कितीतरी बायका बाळंत होतात. ती मुले मुंबईच्या नोंदवहीत चढतात आणि आठवड्याने कसारा किंवा सफाळ्याला घरी जातात. उलट पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत. साताऱ्याच्या माहेरी जन्मलेले मूल सातारच्या नोंदीत असते आणि वाढते कांजूरमार्गला. मृत्यूचेही तसेच. परळच्या टाटा रुग्णालयात महाराष्ट्राबाहेरून आलेले रुग्णही दगावतात. दुसरीकडे आयुष्य डिलाईल रोडला काढलेला म्हातारा शेवटची वर्षे गावी घालवतो आणि गावच्या ग्रामपंचायतीत त्याची नोंद होते. हे सगळे एकमेकांत वजा होऊन शून्य होते, असे समजण्याला काही आधार नाही.

जनगणनेचा आकडाही काही शिळेवरची रेघ नव्हे. गणनेनंतर नमुना पाहणी करून किती माणसे सुटली ते तपासतात. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसे निव्वळ सुटल्याचे निघाले. देशाच्या पातळीवर हे प्रमाण उत्तम म्हणावे असे आहे. पण बृहन्मुंबईची दशकाची वाढच चार टक्क्यांहून कमी. सुटलेल्यांच्या प्रमाणात दोन गणनांमध्ये एका टक्क्याचा जरी फरक पडला, तरी सव्वा लाख माणसे इकडची तिकडे होतात आणि वाढीचा चौथा हिस्सा बदलतो. म्हणूनच ३.८७ मधला सात मला कधी खरा वाटला नाही. ‘चार टक्क्यांच्या आसपास, बहुधा कमी’ एवढेच लिहावे.

कोण सुटतो, हे आपल्याला अंदाजाने ठाऊक आहे : कुलूपबंद घरातले, कारखान्याच्या माळ्यावर झोपणारे, बांधकामावरचे, नुकतेच आलेले. झोपडपट्टीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. बृहन्मुंबईत २००१ला ६४ लाख ७५ हजार लोक झोपडपट्टीत मोजले गेले, २०११ला ५२ लाख ६ हजार. यात पुनर्वसनाचा वाटा आहे, स्थलांतराचा आहे, आणि कोणत्या वस्तीला झोपडपट्टी म्हणायचे याच्या व्याख्येचाही आहे. वाटे सुटे करून सांगणाऱ्याकडे संशयाने पाहावे. शिवाय इथे मोजणे म्हणजे नुसते मोजणे कधीच नव्हते. जानेवारी १९७६मध्ये मुंबईच्या झोपड्यांची गणना झाली आणि मोजल्या गेलेल्यांना फोटोपास मिळाले. पुढे पुनर्वसनाचा हक्क तारखांना बांधला गेला. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. यादीत नाव असणे म्हणजे डोक्यावर छप्पर असणे. अशा ठिकाणी प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर देणारा माणूस त्या प्रश्नाच्या मागचा प्रश्न ऐकत असतो. गावी गेलेल्या भावाचे नाव तो आधी सांगतो, आणि पोटमाळ्यावरच्या भाडेकरूचे सांगत नाही.

थेट न विचारताही स्थलांतर दिसण्याची एक जागा आहे, स्त्री-पुरुष प्रमाणाची. २०११मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहरात ८३२. पुरुष शहरात आणि बाई गावच्या घरी, ही जुनी विभागणी या दोन आकड्यांत अजून शिल्लक आहे. पण मुंबई शहराचाच आकडा २००१ला ७७७ होता. दहा वर्षांत ५५ची चढ मोठी आहे. एकट्या पुरुषांच्या खोल्या कमी होत आहेत, गिरण्या आणि गोदामे गेली, १९८२च्या संपानंतर गिरणगाव तसेही ओसरत गेले, आणि जे उरले ते कुटुंबे करून राहिले. एकूण लोकसंख्येच्या आकड्याने हे सांगितले नसते.

मोजपट्टी बदलली की जग बदलते, याचे ताजे उदाहरण संयुक्त राष्ट्रांचे. २०१८च्या त्यांच्या यादीत ३ कोटी ७० लाखांचे टोकियो पहिले होते आणि जकार्ता तेहतिसावे. नोव्हेंबर २०२५च्या यादीत जकार्ता ४ कोटी २० लाखांसह पहिले आले, ढाका दुसरे, टोकियो तिसरे. सात वर्षांत जकार्त्यात इतकी माणसे उतरली नाहीत. आधी देशोदेशींच्या आपापल्या हद्दी वापरत. आता जमिनीचे एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून, प्रत्येकात किमान दीड हजार माणसे आणि सलग चौकोनांत मिळून किमान ५० हजार, अशी एकच कसोटी सगळ्यांना लावतात. या पद्धतीत सरकारी हद्दीचे राजकारण गळून पडते, हे चांगले. पण चौकोनातली माणसे येतात कुठून? जनगणनेतूनच. आणि आपली शेवटची जनगणना २०११ची. तिच्या पुढचे मुंबईचे सगळे आकडे, कोणाचेही असोत, अंदाज आहेत.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला आहे. म्हणजे तुलना दहा नव्हे, सोळा वर्षांची. ‘दशवार्षिक वाढ’ हा रकाना या वेळी जुन्या आकड्यांशेजारी तसाच ठेवता येणार नाही, वार्षिक दर काढूनच ठेवावा लागेल. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाल्यामुळे १ कोटी १० लाखांचा ठाणे जिल्हा आता उरलेला नाही. त्यातली ८० लाख ७० हजार माणसे आजच्या ठाण्याच्या हद्दीत होती आणि २९ लाख ९० हजार पालघरच्या. ठाण्याचा नवा आकडा यांपैकी पहिल्याशी ताडून पाहायचा. कल्याण-डोंबिवलीसाठी २७ गावांचे २०११चे आकडे गावनिहाय तक्त्यांतून वेचून महापालिकेच्या आकड्यात मिळवावे लागतील. या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ते तसे मिळवून दिले आहेत. वसई-विरार या खेपेस नागरी समूहात घेतले गेले तर त्या समूहाची लोकसंख्या एका रात्रीत कितीतरी लाखांनी वाढेल. त्यातली खरी वाढ किती आणि समावेशामुळे किती, हे मुख्य तक्त्यावरून कळणार नाही. त्यासाठी शहरांचा १९०१पासूनचा चढउतार देणारा तक्ता आणि त्याच्या तळटिपा उघडाव्या लागतील.